गायरानातलं शेड आणि गायरानातलं घर

वाचकांचे प्रश्न, भाऊसाहेबांची उत्तरं

या महिन्यात आलेली दोन पत्रं मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली आहेत. दोन्ही बायकांची आहेत, दोन्ही गायरानाबद्दल आहेत आणि दोन्हींत 'अतिक्रमण' हाच शब्द आहे. ग्रामसेवक म्हणून २६ वर्षं आणि नंतर विस्तार अधिकारी म्हणून ५ वर्षं मी हा शब्द किती वेळा लिहिला असेन, त्याला गणती नाही. तो लिहिताना समोर कोण उभं आहे हे दर वेळी नीट बघावं लागतं. म्हणून एका पत्रानं सुरुवात करतो, दुसऱ्यानं शेवट करतो. मधे आणखी तीन प्रश्न घेतले आहेत.

भाऊसाहेब, आमच्या गावाला साडेअकरा एकर गायरान आहे. माझ्या दोन म्हशी आणि सात शेळ्या, भर उन्हाळा सोडला तर सगळी चराई तिथंच. गेल्या दिवाळीनंतर ग्रामपंचायतीच्या एका सदस्याच्या घरच्यांनी तिथं पत्र्याचं शेड मारलं. आधी म्हणाले कडबा ठेवायला. मग कोंबड्या आल्या. आता भोवतीनं तारेचं कुंपण झालंय, आमचं जनावर जवळ गेलं तर अंगावर कुत्रं सोडतात. सरपंचांना चार वेळा सांगितलं. ते म्हणतात, 'वहिनी, बघतो.' ग्रामसेवक म्हणतात जागा महसूलची आहे, तलाठ्याकडं जा. तलाठी म्हणतात गायरान ग्रामपंचायतीच्या ताब्यात असतं, तिकडं जा. मी नेमकं कुणाकडं जाऊ?
(एक भगिनी, सोलापूर जिल्हा)

ताई, दोघंही अर्धं खरं सांगतात, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या आधारावर ते शेड उभं आहे.

गायरान सरकारच्या मालकीचं असतं. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ प्रमाणे ती जमीन गुरं चारायला राखून ठेवलेली असते. तिची देखभाल ग्रामपंचायतीकडे. गायरानाचा सातबारा काढा, त्यावर 'सरकार', 'गायरान' किंवा 'गुरचरण' असं काहीतरी दिसेल. आता अतिक्रमण काढायचं कुणी? महसूलकडे संहितेचं कलम ५० आहे, ग्रामपंचायतीकडे ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ आहे. पंचायतीनं हालचाल केली नाही तर जिल्हाधिकारी स्वतःहून किंवा कुणाच्याही अर्जावरून कारवाई करू शकतात, हेही त्या ५३ मध्येच आहे. त्यामुळे तुम्हाला 'तिकडं जा' म्हणण्याची सोय दोघांनाही नाही.

पण एक गोष्ट मनावर घ्या. तुम्ही सरपंचांना चार वेळा सांगितलंत, तरी कार्यालयाच्या लेखी तुम्ही अजून एकदाही आलेला नाहीत.

हे मी का सांगतोय ते ऐका. नोकरीतलं माझं दुसरं गाव. एक म्हातारे मेंढपाळ दर सोमवारी कचेरीच्या पायरीवर येऊन बसायचे. गायरानाच्या ओढ्याकडच्या बाजूनं एकानं नांगर घातला होता. दर वर्षी चार-पाच तास, म्हणजे नांगराच्या रेघा, आत, दर वर्षी चार-पाच तास आत. मी नवा होतो, 'बघतो बाबा' म्हणायचो, आणि खरंच बघायचं मनात असायचं. पुढे तपासणीला साहेब आले. त्यांनी विचारलं, गायरानाबद्दल काही तक्रारी? मी आवक रजिस्टर उघडलं, दोन वर्षांची पानं उलटली. एकही नोंद नव्हती. मी म्हणालो, 'नाही साहेब.' बाबा दाराशी उभे होते. ते काही बोलले नाहीत, काठी उचलून निघून गेले. ते पुन्हा सोमवारी आले नाहीत. त्या दिवसापासून तोंडी तक्रार आली की मी स्वतः कागद पुढे करायचो. लिहिता येत नसेल तर लिहून घ्यायचो, वाचून दाखवायचो, अंगठा घ्यायचो आणि आवक नंबर टाकूनच माणसाला उठू द्यायचो. पण तुमच्या गावातला ग्रामसेवक हे करेलच असं नाही, म्हणून ते तुम्हालाच करायला हवं.

अर्ज एका पानाचा पुरतो. गायरानाचा गट नंबर, एकूण क्षेत्र, शेड कोणत्या बाजूला आहे, कधीपासून आहे, कुंपण किती पावलं लांब आणि किती पावलं रुंद. हो, पावलांनी मोजा, तसंच लिहा. पक्की मोजणी भूमी अभिलेखवाले करतील, ती मागवणं पंचायतीचं आणि तहसीलदारांचं काम आहे. कोण कुणाचा मेहुणा, निवडणुकीत कोण कुणाच्या पॅनेलला होतं, यातलं एक अक्षरही अर्जात नको. दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर आवक नंबर, तारीख, शिक्का आणि सही घ्यायची. 'ठेवून जा, शिक्का मारून ठेवतो' म्हणाले तर ठेवून जाऊ नका. घेतच नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती अर्जाला टाचून ठेवा. तोच अर्ज तहसीलदारांनाही द्या. आणि एकट्या जाऊ नका. ज्यांची गुरं तिथं चरतात अशा पाच-सहा जणांच्या सह्या घ्या.

तलाठ्यांना एक प्रश्न लेखी विचारा : या शेडची नोंद गाव नमुना १-ई ला आहे का? हे अतिक्रमणांचं रजिस्टर असतं. नोंद असेल तर महसूलला हे माहीत होतं असं सिद्ध होतं. नसेल तर ती घ्यायला सांगा.

अर्जात आणखी दोन तारखा लिहा. २८ जानेवारी २०११ ला सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात निकाल दिला. पतियाळा जिल्ह्यातल्या एका गावानं आपलं गावतळं परत मागितलं होतं. गावाच्या सामाईक जमिनींवरचे बेकायदा कब्जे काढण्याच्या योजना करा, असे आदेश न्यायालयानं सगळ्या राज्यांना दिले. त्याच वर्षी १२ जुलैला महाराष्ट्र सरकारचा गायरानांबद्दलचा शासन निर्णय निघाला. या दोन तारखा कागदावर दिसल्या की टेबलापलीकडच्या माणसाला कळतं, समोरची बाई कुणालातरी विचारून आलेली आहे.

एक महिना वाट बघा. काहीच झालं नाही तर तालुक्याच्या लोकशाही दिनात जा, म्हणजे अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात त्या दिवशी. तो महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तहसीलमध्ये असतो. तिथंही दाद लागली नाही तर जिल्ह्याचा लोकशाही दिन, पहिल्या सोमवारी जिल्हाधिकाऱ्यांकडे. त्यासाठी अर्ज १५ दिवस आधी द्यावा लागतो.

आता त्या सदस्याचं. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४(१)(ज-३) प्रमाणे सरकारी किंवा सार्वजनिक जागेवर अतिक्रमण करणारा माणूस सदस्य राहू शकत नाही. आणि २०१८ मध्ये जनाबाई यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अतिक्रमण मुळात घरातल्या दुसऱ्या कुणी केलेलं असलं, तरी सदस्य ती जागा वापरत राहिला तर तोही अपात्र ठरतो. हा निर्णय जिल्हाधिकारी देतात. पण माझं ऐकाल तर हा अर्ज पहिला करू नका. मी हे अनेक गावांत पाहिलं आहे. अपात्रतेचा अर्ज पडला की विरोधी गट तुमच्या मागे येऊन उभा राहतो, तारखा सुरू होतात, सगळं गाव खुर्चीबद्दल बोलायला लागतं आणि शेड तिथंच राहतं. आधी गायरान मोकळं करून घ्या. खुर्चीचं नंतर बघता येईल.

मी ठाण्यात नोकरी करतो. गावचं घर आजोबांच्या नावावर नमुना ८ ला होतं. परवा उतारा काढला तर एकट्या चुलत्यांचं नाव आहे. 'घरपट्टी मी भरतो, म्हणून नाव लावून घेतलं' असं ते म्हणतात. आमच्या वडिलांचा हिस्सा गेला का?

नाही. नमुना ८ हे कर आकारणीचं रजिस्टर आहे. घरपट्टी कुणाकडून वसूल करायची हे त्यावरून कळतं, घर कुणाच्या मालकीचं हे त्यावरून ठरत नाही. नाव बदललं तेव्हाचा अर्ज, वारसांना दिलेली नोटीस आणि मासिक सभेचा ठराव यांच्या नकला माहितीच्या अधिकारात मागा. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टँप लावा, उत्तराची मुदत ३० दिवसांची. वारसांना न विचारता नाव लागलं असेल तर लेखी हरकत नोंदवा.

त्याहून मोठं काम म्हणजे तुमच्या गावठाणाची ड्रोन मोजणी झाली आहे का, ते विचारा. महाराष्ट्रात हे काम पुरंदर तालुक्यातल्या सोनोरी गावापासून सुरू झालं. एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजना म्हणून ते देशभर गेलं. मोजणीनंतर भूमी अभिलेखची चौकशी होते आणि मग मालमत्ता पत्रक मिळतं. त्या चौकशीच्या दिवशी वडील गावात हवेत, सोबत आजोबांचा मृत्यू दाखला आणि वारसांचे कागद हवेत. एक दिवस रजा टाका, पण हजर राहा. शहरात गेलेल्या भावांचे हिस्से गावात बहुतेक वेळा कुणी हिसकावून घेत नाही. चौकशीला कुणी आलंच नाही, एवढ्यानंच ते जातात.

आमच्या वस्तीवर जायची पाणंद शेजाऱ्यानं मागच्या रोहिणीत नांगरून टाकली. ऊस बाहेर काढायला वाट नाही. ग्रामपंचायतीनं 'रस्ता खुला करावा' असा ठराव केला, तो घेऊन मी सहा महिने फिरतोय. ठरावाला काही किंमत आहे की नाही?
(एक शेतकरी, सांगली जिल्हा)

दादा, 'सहा महिने' हा शब्द वाचला आणि काळजी वाटली. आधी तेच सांगतो.

शेताकडे जाणारी, पूर्वीपासून वापरात असलेली वाट कुणी अडवली तर तहसीलदारांकडे मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली दावा करता येतो. पण वाट अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रोहिणी म्हणजे मे अखेर ते जूनचा पहिला आठवडा. पत्रावर तुम्ही तारीख घातलेली नाही, त्यामुळे मुदत संपली की थोडी उरली, हे तुम्हीच कॅलेंडर समोर ठेवून मोजा. उरली असेल तर हे वाचून झाल्यावर उठा आणि तहसीलला जा. ठरावामागे फिरण्यात हे दिवस गेले याचं मला फार वाईट वाटतं. ठराव करणाऱ्यांनीच तुम्हाला हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

मुदत गेली असली तरी सगळं संपलेलं नाही. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल घ्या आणि तो उन्हात धरून बघा. नकाशावर गाडीवाट दोन रेषांनी दाखवलेली असते, पायवाट एका तुटक रेषेनं. शेजाऱ्याच्या गटातून अशी रेषा जात असेल तर तो नकाशावरचा रस्ता आहे, तो सार्वजनिक आहे. त्यावरचा अडथळा काढायला तहसीलदारांकडे वेगळा अर्ज देता येतो आणि तिथं पंचायतीचा ठराव जोडा, त्याची किंमत तिथं आहे. पाणंद पंचायतीच्या रस्त्यांच्या नोंदवहीत आहे का तेही बघा, असेल तर ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम ५३ लागू होतं. नकाशावर काहीच नसेल आणि दुसरी वाटच नसेल, तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. बांधाच्या दोन्ही बाजूंनी थोडी थोडी जागा घेऊन तो दिला जातो आणि स्थळपाहणी होतेच. पाहणीच्या दिवशी आसपासच्या दोन जुन्या माणसांना बोलवा. 'माझ्या बापाची बैलगाडी इथूनच जायची' हे त्यांच्या तोंडून पंचनाम्यात यायला हवं.

रस्ता मोकळा झाला की मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत तो घालायला पंचायतीला सांगा. ही २०२१ ची योजना आहे, काम रोजगार हमीच्या जोडीनं होतं. मुरूम पडलेला आणि दोन्ही बाजूंना चारी काढलेला रस्ता पुन्हा नांगरायला सहसा कुणी धजत नाही.

शेजाऱ्याशी बोलणं सोडू नका. दावा चालू असतानाही गावातल्या दोन मोठ्या माणसांना घेऊन त्याच्या ओट्यावर जाऊन बसा. बऱ्याच पाणंदी तिथंच सुटल्या आहेत. फक्त सुटली तर ते लिहून घ्या, आणि दोघांच्या सह्या तहसीलदारांसमोर होऊ द्या.

आमच्या गावात ग्रामसभा फक्त कागदावर होते. १५ ऑगस्टला झेंडावंदन झालं, मुलांना गोळ्या वाटल्या की शिपाई रजिस्टर घेऊन सह्या घेत फिरतो. सह्यांच्या वर काय लिहिणार ते कुणाला माहीत नसतं. या वर्षी त्याच सह्यांवर गावठाणातली एक मोकळी जागा गाळे बांधायला देण्याचा ठराव निघाला. आम्ही काही तरुण पोरं आहोत. काय करावं?

सह्या करणं आधी थांबवा, आणि घरोघर जाऊन हेच सांगा. कोऱ्या पानावर सही म्हणजे कोऱ्या चेकवर सही. तुम्ही ज्या जागेबद्दल लिहिता ती एका माणसाची असती, तर त्यानं असा चेक कधी दिला असता का?

तुम्हाला काय काय मागता येतं ते सांगतो. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ७ प्रमाणे वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात. नोटीस सात दिवस आधी लागते, तिच्यात विषय लिहिलेले असतात, आणि दवंडी द्यायची असते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जो आकडा कमी असेल तेवढी माणसं लागतात. ती नसतील तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला पुन्हा गणपूर्ती लागत नाही. ही पळवाट फार वापरली जाते. आधीच्या सभेला कुणी येऊ नये अशी वेळ ठेवायची, आणि मग पुढच्या सभेला दहा जणांत सगळं उरकायचं. त्यावर तुमच्या हातात एकच उपाय आहे : शंभर माणसं पहिल्याच सभेला जमवायची. शंभर म्हणजे फार नाहीत, गणपतीच्या आरतीला त्याहून जास्त असतात.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते. ती झाली का, तिचं इतिवृत्त कुठं आहे, हा प्रश्न आई-बहिणींनी विचारू द्या. पाण्याची जागा, स्मशानाची वाट, अंगणवाडीपुढची मोकळी जागा हे विषय त्यांच्या सभेत आले की ते खाली पडत नाहीत, असं मी पाहिलं आहे.

सभेत पहिला आग्रह धरायचा तो मागच्या सभेचं प्रोसिडिंग वाचून दाखवण्याचा. गाळ्यांचा तो ठराव तिथंच उघडा पडेल. सूचक कोण, अनुमोदक कोण, ते मोठ्यानं वाचायला लावा. बहुतेकदा त्या दोघांनाही आपलं नाव तिथं आहे हे माहीत नसतं. आणि सभा संपताना शेवटच्या ठरावाखाली लगेच आडवी रेघ मारायला लावा, सह्या तिच्या खाली. मी स्वतः ही रेघ लाल शाईनं मारायचो. 'आयत्या वेळचे विषय' या सदराखाली गावच्या जागा गेलेल्या मी पाहिल्या आहेत. रेघ मारली की मागाहून ओळ घुसवायला जागा राहत नाही.

झालेल्या ठरावाविरुद्ध गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या, आणि खाली सह्या त्याच लोकांच्या घ्या ज्यांच्या कोऱ्या पानावरच्या सह्या वापरल्या. 'हा विषय आमच्यासमोर आला नाही' एवढं एकच वाक्य पुरे. लक्षात ठेवा, मोकळी जागा मनाला येईल तशी गाळ्यांना देण्याचा अधिकार पंचायतीला नाही. तिला वरची मंजुरी लागते, आणि त्या फाइलला तुमची तक्रार चिकटली पाहिजे.

धीर खचला तर गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाकडे बघा. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणाऱ्या त्या छोट्याशा गावानं २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. तिथं निर्णय सगळ्यांच्या संमतीनं होतात, एकाचं जरी म्हणणं वेगळं असलं तरी चर्चा पुढे चालू राहते. तुमच्या गावाला वनहक्क कायदा लागू असो नसो, बसून बोलायची सवय कुठल्याही गावाला लावता येते.

भाऊसाहेब, आम्ही बीड जिल्ह्यातले. माझे सासरे १९८२ पासून गायरानातली तीन एकर जमीन कसत होते. दगडं वेचून, बांध घालून ती त्यांनी उभी केली. आम्हाला दुसरी गुंठाभरही जमीन नाही. तिथंच आमचं दोन खणांचं घर आहे, लाईट आहे, घरपट्टी भरतो. सासरे गेले, मालकही गेले. आता नोटीस आली आहे की अतिक्रमण काढून घ्या. सासऱ्यांनी एक ट्रंक ठेवली होती, तिच्यात जुन्या पावत्या आहेत. गावातले लोक म्हणतात तुम्ही गायरान खाल्लं. आम्हीपण अतिक्रमणवालेच का?

ताई, तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न मी दोन दिवस मनात घेऊन फिरतोय.

नोटिशीवर अतिक्रमण हाच शब्द असेल. पण ज्याला घर आहे, शेत आहे, त्यानं कोंबड्यांसाठी ताणलेली तार आणि भूमिहीन माणसानं पोटासाठी वेचलेले दगड, या दोन गोष्टी मी एका ओळीत लिहिणार नाही. आणि हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. ज्या निकालाचा आधार घेऊन नोटिसा निघतात, त्या २०११ च्या जगपाल सिंग निकालातच शेवटी अपवाद दिलेला आहे : सरकारी आदेशानं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना जमीन दिली गेली असेल, किंवा जागेवर शाळा, दवाखाना अशी सार्वजनिक सोय असेल, तर नियमित करण्याचा विचार होऊ शकतो. तुमच्या नोटिशीला उत्तर लिहिताना हा भाग आधी लिहा.

आपल्या राज्यात असा सरकारी आदेश आहे, आणि तो फुकट मिळालेला नाही. डॉ. आंबेडकरांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले. मराठवाड्यातून हजारो माणसं, पोरंबाळं घेऊन बायका, त्यात तुरुंगात गेल्या. त्या मागणीतूनच पुढे कसणाऱ्यांची अतिक्रमणं नियमित करण्याचे शासन निर्णय आले. तुमच्या कामाचा आहे तो २८ नोव्हेंबर १९९१ चा. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात शेतीसाठी झालेल्या पात्र भूमिहीनांच्या अतिक्रमणांसाठी तो आहे. तुमचे सासरे १९८२ पासून कसत होते. म्हणजे साल त्या मुदतीत बसतं. ते सिद्ध करणारा कागद हवा.

तो कागद बहुधा तुमच्या ट्रंकेत आहे. मी अशा ट्रंका पाहिल्या आहेत. वर लुगडं, त्याखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घातलेल्या पावत्या, घडीवर फाटलेल्या, शाई पिवळी पडलेली. त्या बहुतेकदा दंडाच्या असतात. सरकारी जमीन कसली म्हणून तलाठी दरसाल दंड करायचा आणि माणसं तो निमूटपणे भरून पावती जपायची. त्या वेळी ती शिक्षा होती. आज त्या सालात जमीन तुमच्या ताब्यात होती, याचा तो सरकारच्याच शिक्क्याचा पुरावा आहे. पावत्या सालाप्रमाणे लावा. मग तलाठ्यांकडून गाव नमुना १-ई च्या त्या काळातल्या पानांच्या नकला मागा, आणि जुन्या सातबाऱ्याच्या पीकपाहणीत सासऱ्यांचं नाव येतं का ते बघा.

नोटिशीला मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या. २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गायरानांचा विषय स्वतःहून हाती घेतल्यानंतर गावोगावी अशा नोटिसा निघाल्या आहेत. घाबरून गप्प बसलेल्यांचं नुकसान सगळ्यात जास्त होतं. उत्तरात तीन गोष्टी मागा : म्हणणं मांडायला सुनावणी, १९९१ च्या निर्णयाप्रमाणे पात्रतेची तपासणी, आणि ती होईपर्यंत कारवाई थांबवणं. तहसीलदारांचा आदेश विरुद्ध गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येतं. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आणि बाईमाणसाला, उत्पन्न कितीही असलं तरी, १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो. कोर्टाच्या आवारात जाऊन 'विधी सेवा' एवढंच विचारा.

घराचा अर्ज शेतीच्या अर्जापासून वेगळा ठेवा. सरकारी जागेवरची १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती घरं नियमित करण्याचा १६ फेब्रुवारी २०१८ चा शासन निर्णय आहे. मात्र गायरानाला महसूल संहितेच्या कलम २२-अ ची जादा बंधनं आहेत, त्यामुळे तुमच्या घराला तो जसाच्या तसा लागू होईल असं मी तुम्हाला छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणून त्याच अर्जात दुसरी मागणी लिहा : हे घर नियमित होत नसेल तर गावठाणात पर्यायी जागा द्या, किंवा पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेतून जागेसाठी पैसे द्या. हा विषय ग्रामसभेतही मांडा. घरपट्टीची सगळ्यात जुनी पावती आणि लाईटचं पहिलं बिल सोबत ठेवा. राहण्याचं साल त्यावरून ठरेल.

गावातल्या लोकांच्या बोलण्याला उत्तर देत बसू नका. तुमच्या गावातही कुणाच्या म्हशी-शेळ्या गायरानावर असतील, वर पहिलं पत्र लिहिणाऱ्या ताईंसारख्या. तुमच्या तीन एकरांपलीकडे गायरान शिल्लक आहे, ते गुरांसाठी मोकळं राहावं, हे तुम्हीच ग्रामसभेत उठून म्हणा.

आणि ट्रंकेतल्या मूळ पावत्या कुणाच्याही हातात देऊ नका. सरपंच मागोत, पुढारी मागोत, 'साहेबांना दाखवून आणतो' म्हणणारा घरचा पोरगा मागो. आधी तालुक्याला जाऊन प्रत्येक पावतीच्या तीन झेरॉक्स काढा. झेरॉक्सवाल्याला सांगा, कागद मशीनमध्ये ओढू नको, काचेवर ठेवूनच काढ. जुना कागद आहे, फाटेल. सुनावणीला मूळ पावत्या दाखवा, झेरॉक्स जोडा, आणि परत येताना मोजून पिशवीत घाला.